नेटवर्क ऑडिओ इंटरफेस निवडताना

नेटवर्कवर चालणारा ऑडिओ इंटरफेस घेताना बहुतेकांचे लक्ष आधी प्रीअ‍ॅम्पकडे, म्हणजे माइकचा क्षीण सिग्नल वाढवणाऱ्या भागाकडे, जाते. माझ्या मते पहिला प्रश्न प्रोटोकॉलचा, म्हणजे उपकरणे नेटवर्कवरून आवाज कोणत्या पद्धतीने पाठवतात याचा, असावा. ज्या कन्सोलला (आवाज मिसळण्याच्या मुख्य यंत्राला) आणि स्टेज बॉक्सला (मंचावर माइक जोडण्याच्या पेटीला) इंटरफेस जोडायचा आहे, ती उपकरणे डान्टे या प्रोटोकॉलवर चालतात की एव्हीबी या प्रोटोकॉलवर, हे आधी विचारून घ्यावे, कारण या दोन्हींची थेट जुळणी होत नाही. ऑडिनेट या ऑस्ट्रेलियन कंपनीचे डान्टे साध्या गिगाबिट स्विचवर (नेटवर्कच्या केबल एकत्र जोडणाऱ्या पेटीवर) चालते, तर एव्हीबीसाठी त्याची सोय असलेले स्विचच लागतात. मॅकमध्ये एव्हीबी अंगभूत असल्याने केवळ घरच्या स्टुडिओपुरते ते सोयीचे पडते. मंचीय कार्यक्रमही करणाऱ्याने मात्र डान्टेच घ्यावे.

यानंतर लेटन्सीचा, म्हणजे आवाज पोहोचायला लागणाऱ्या विलंबाचा, हिशेब मांडावा, आणि तो गायकाच्या कानापर्यंतचा मांडावा. डान्टे उपकरणांमधील विलंब सहसा १ मिलिसेकंद किंवा त्याहून कमी ठेवता येतो. पण संगणकावर डान्टे व्हर्च्युअल साऊंडकार्ड हे सॉफ्टवेअर वापरल्यास त्याची सर्वांत कमी सेटिंगच ४ मिलिसेकंदांची असते. शिवाय ४८ किलोहर्ट्झवर (सेकंदाला आवाजाचे ४८,००० नमुने, अर्थात सॅम्पल, घेताना) १२८ सॅम्पलचा बफर, अर्थात संगणक एका वेळी हाताळतो तो आवाजाचा तुकडा, म्हणजे सुमारे २.७ मिलिसेकंद, आणि तो आवाज आत येताना व बाहेर जाताना असा दोनदा धरावा लागतो. तबलजीला हा उशीर हाताखाली जाणवतो. गायिकेला तर स्वतःचा आवाज हाडांतून आधी आणि इन-इअरमधून (कानात घालायच्या मॉनिटरमधून) नंतर ऐकू येत असल्याने तो पोकळ वाटू लागतो व तिचा सूर अस्थिर होतो. म्हणून आवाज संगणकातून न फिरवता ज्याच्या आतच मॉनिटर मिक्स (कलाकाराला ऐकवायचे मिश्रण) करता येतो, तो इंटरफेस थोडा महाग असला तरी घ्यावा.

सर्व उपकरणांचा सॅम्पल रेट एकच ठेवावा, कारण ४४.१ आणि ४८ किलोहर्ट्झवरील डान्टे उपकरणांची जोडणी होतच नाही. स्विचमधील वीजबचतीची सुविधा बंद करावी. तिच्यामुळे सर्व उपकरणांना एका वेळेवर चालवणारे घड्याळ डळमळते आणि आवाजात टकटक येते. तांब्याच्या नेटवर्क केबलची मर्यादा १०० मीटर आहे, तेव्हा नाट्यगृहात ती भिंतीच्या कडेने ज्या मार्गाने जाणार, तेच अंतर मोजावे.

तिकीट लावून कार्यक्रम करणार असाल, तर प्रायमरी व सेकंडरी असे दोन पोर्ट असलेलाच इंटरफेस निवडावा, आणि रिडंडंट मोडमध्ये (एक मार्ग बंद पडला तरी दुसऱ्याने आवाज चालू राहावा अशा मांडणीत) ते दोन्ही एकाच स्विचला न जोडता दोन स्वतंत्र स्विचना जोडावेत.