मिथेनॉल रिकव्हरी कॉलम: स्टीम खाणाऱ्या या चुका टाळा

लोटे परशुराम असो की तारापूर, औषधांची इंटरमीजिएट्स (औषध तयार होण्याआधीच्या टप्प्यांतली रसायनं) बनवणाऱ्या बऱ्याच कारखान्यांत वापरलेल्या मिथेनॉलमधून पाणी काढणारा एक कॉलम, म्हणजे ऊर्ध्वपातनाचा उंच मनोरा, असतो. मिळालेल्या मिथेनॉलमध्ये मॉइश्चर जास्त आलं की तिथे उपाय ठरलेला: रिफ्लक्स (वर थंड करून पुन्हा कॉलममध्ये सोडलेलं मिथेनॉल) वाढवा, स्टीम वाढवा. सॅम्पल पास झालं की विषय संपला.

हिशेब मात्र करून बघा. एक किलो मिथेनॉलची वाफ करायला सुमारे ११०० किलोज्यूल लागतात आणि ३ बार गेजची स्टीम किलोमागे साधारण २१३० किलोज्यूल देते. रिफ्लक्स रेशो १.५ असेल, म्हणजे बाहेर काढलेल्या मिथेनॉलच्या दीडपट परत सोडत असाल, तर टनभर मिथेनॉलमागे १.३ टन स्टीम लागते, २.५ केला की १.८ टन. फीड (कॉलममध्ये येणारं मिश्रण) तापवायची उष्णता वेगळीच. म्हणजे टनामागे अर्धा टन स्टीम जास्त, आणि ती बहुतेकदा सॅम्पल फेल होईल या भीतीपोटी.

म्हणून आधी विचारा की ज्या रिअॅक्शनला हे मिथेनॉल परत जातं, तिला किती मॉइश्चर चालतं? पुढच्या स्टेपला तुम्हीच पाणी घालणार असाल, तर ०.०५ टक्क्यांचा हट्ट कशाला? ०.५ टक्के चालत असेल तर प्रॉडक्शन आणि क्यूसी (गुणवत्ता तपासणी विभाग), दोघांनी बसून लिमिट बदलून घ्या. यासारखी स्वस्त बचत दुसरी नाही.

लिमिटमध्ये असलेलं मॉइश्चर अचानक वाढलं, तर व्हॉल्व्हला हात लावण्याआधी कंडेन्सरवर, म्हणजे वरची वाफ थंड करणाऱ्या यंत्रावर, संशय घ्या. ट्यूब लीक असेल तर कूलिंग वॉटर थेट डिस्टिलेटमध्ये (वरून मिळणाऱ्या मिथेनॉलमध्ये) मिसळतं, आणि मग रिफ्लक्स कितीही वाढवला तरी ते मिसळतच राहणार. ओळखायचं कसं? डिस्टिलेटची हार्डनेस (कॅल्शियमसारख्या क्षारांचं प्रमाण) तपासा. कॅल्शियम वाफेबरोबर वर येत नाही. ते सापडलं तर बाहेरूनच आलेलं आहे. दहा मिनिटांची टेस्ट, पण ती न करता आठवडेच्या आठवडे स्टीम जाळली जाते याचं फार वाईट वाटतं.

दुसरी मोठी चूक म्हणजे फक्त टॉप टेंपरेचरवर कॉलम चालवणं. वर ६४.७ अंशांच्या आसपास काटा जवळजवळ स्थिर असतो, शुद्धता ९९.९ वरून ९९ टक्क्यांवर घसरली तरी फरक पडतो तो अंशाच्या काही दशांशांचा. कॉलमच्या मध्यावर, जिथे तापमान झपाट्याने शंभराकडे चढतं, तिथला थर्मोकपल (तापमानाचा सेन्सर) गडबड कितीतरी आधी सांगतो. कंट्रोल त्यावर ठेवा. टॉपवर भरवसा नसल्यामुळेच ऑपरेटर रिफ्लक्स वाढवून ठेवतो, त्यात त्याचा दोष नाही.

कॉलमचा डीपी (तळ आणि टॉप यांच्या दाबातला फरक) चढतोय आणि शुद्धताही घसरतेय, तर ते फ्लडिंग आहे, म्हणजे कॉलम द्रवाने तुंबतोय. अशा वेळी स्टीम वाढवली की परिस्थिती आणखी बिघडते. स्टीम आणि फीड कमी करा, डीपी खाली येऊ द्या, मग हळूहळू वाढवा.

बॉटमचं गरम पाणी थेट ईटीपीला (सांडपाणी प्रक्रिया प्लांटला) सोडत असाल तर त्यावर फीड तापवा. टनभर पाणी १०० वरून ४५ अंशांवर आणलं तर शंभर किलोहून जास्त स्टीम वाचते. रिबॉयलरच्या (तळाशी स्टीमने उकळवणाऱ्या यंत्राच्या) स्टीम ट्रॅपचा बायपास उघडा राहिला तर स्टीम वाया जाते; तो स्टार्टअपनंतर बंद केला का, यासाठी लॉगशीटमध्ये एक रकाना ठेवा आणि दर शिफ्टला त्यावर सही घ्या.