ताटाची डावी बाजू वाढवताना : कच्च्या आहाराची घरगुती पद्धत

कच्चा आहार सुरू करू पाहणाऱ्याने आधी एक गोष्ट ठरवून घ्यावी : आपल्याला गॅसची शेगडी बंद करायची आहे, की रोजच्या जेवणातले न शिजवलेले पदार्थ वाढवायचे आहेत? ‘रॉ फूड’ हे नाव दोन्हींना सरसकट दिले जाते, पण दोन्ही वाटा वेगळ्या आहेत. कट्टर पद्धतीत अन्न साधारणपणे ४० ते ४८ अंश सेल्सिअसच्या वर तापवायचे नसते, म्हणजे पोळी, भात आणि वरण हे तिन्ही ताटातून जातात. प्रस्तुत मार्गदर्शन दुसऱ्या वाटेचे आहे, कारण पहिली वाट तज्ज्ञाच्या देखरेखीशिवाय दीर्घकाळ धरणे निरोगी माणसालाही मानवेल असे नाही.

पुण्याला या विषयाची जुनी ओळख आहे. गांधीजींनी मार्च १९४६ मध्ये पुण्याजवळच्या उरुळी कांचनला निसर्गोपचाराचे काम सुरू केले आणि त्यांचे सहकारी मणिभाई देसाई यांनी ते पुढे वाढवले. पुण्यात गांधीजी डॉ. दिनशा मेहता यांच्या ज्या निसर्गोपचार केंद्रात राहत असत, त्याच ताडीवाला रस्त्यावरील बापू भवनात पुढे राष्ट्रीय निसर्गोपचार संस्था आली. मात्र याच गांधीजींनी १९२९ मध्ये पूर्णपणे न शिजवलेल्या अन्नाचा प्रयोग स्वतःवर केला होता आणि आमांशाचा त्रास झाल्यावर तो थांबवला होता, ही गोष्ट कच्च्या आहाराचे पुरस्कर्ते फारशी सांगत नाहीत.

कच्च्या अन्नाने काय मिळते, हे नेमके माहीत असले म्हणजे अवास्तव अपेक्षा राहत नाहीत. क जीवनसत्त्व आणि फोलेट (ब गटातले एक जीवनसत्त्व) ही उष्णतेने आणि पाण्यात उकळल्याने घटतात. त्यामुळे आवळा, पेरू, लिंबू, कोथिंबीर, ढोबळी मिरची हे पदार्थ कच्चे खाण्यात खरोखर लाभ आहे. याउलट टोमॅटोला लाल रंग देणारे लायकोपीन आणि गाजरातील बीटा कॅरोटीन (ज्यापासून शरीर अ जीवनसत्त्व बनवते) शिजवल्यावर आणि थोड्या तेलातुपाबरोबर शरीराला अधिक मिळते. कच्च्या अन्नातील ‘जिवंत एन्झाइम’ (अन्नाचे विघटन घडवणारी प्रथिने) पचनाचे काम करतात, हा दावा मात्र फारसा टिकत नाही, कारण जठरातील आम्ल त्यांतील बहुतेकांची मोडतोड करते आणि पचनासाठी लागणारी एन्झाइम शरीर स्वतःच तयार करते. खरा लाभ साधा आहे : तंतू वाढतात, पाणी वाढते, चावून खावे लागत असल्याने जेवणाचा वेग उतरतो आणि तळलेल्या, साखरेच्या पदार्थांना पोटात जागा कमी उरते.

तोटाही त्याच गुणातून येतो. पाव किलो काकडीतून जेमतेम ३५ ते ४० किलोकॅलरी मिळतात, तर एका मध्यम पोळीतून शंभरच्या आसपास. त्यामुळे केवळ फळे आणि भाज्या यांवर दिवस काढणाऱ्याचे पोट भरते, पण शरीराची गरज भागत नाही. जर्मनीत दीर्घकाळ बहुतांशी कच्चे अन्न खाणाऱ्यांची पाहणी १९९९ मध्ये प्रसिद्ध झाली होती. तीत अनेकांचे वजन प्रमाणापेक्षा कमी आढळले आणि ४५ वर्षांखालील स्त्रियांपैकी सुमारे ३० टक्के स्त्रियांची मासिक पाळी अनियमित झालेली किंवा थांबलेली होती. शिवाय बी-१२ जीवनसत्त्व वनस्पतिजन्य अन्नातून विश्वासार्हपणे मिळत नाही, आणि शाकाहारी घरांत त्याची कमतरता मुळातच सर्रास असते.

म्हणून मराठी ताटाची जी रचना आहे, तिच्यापासूनच सुरुवात करणे सर्वांत सोयीचे ठरते. आपल्याकडे मीठ, लिंबू, चटणी, कोशिंबीर हे सारे डावीकडे वाढतात, आणि हल्ली ही बाजू लोणच्याच्या फोडीपुरती आक्रसली आहे. तीच मोठी करावी, उजवीकडची भाजी आणि आमटी तशीच राहू द्यावी, आणि पोळी-भात भुकेप्रमाणे थोडा कमी होईल तसा होऊ द्यावा. पहिल्या आठवड्यात केवळ दुपारच्या जेवणात एक वाटी कोशिंबीर, मग दोन वाट्या, त्यानंतर न्याहारीला किंवा चार वाजता एक फळ, आणि साधारण महिन्याभराने रात्रीच्या जेवणात थोडी पचडी, अशा बेताने गेल्यास पोटफुगी आणि गॅसेसचा त्रास टळतो. जागतिक आरोग्य संघटना फळे आणि भाज्या मिळून दिवसाला किमान ४०० ग्रॅम खाण्याची शिफारस करते. त्यांतील निम्म्या कच्च्या असल्या तरी पुष्कळ झाले.

कोशिंबिरीच्या बाबतीत पद्धतीला महत्त्व आहे. काकडीची दोन्ही टोके कापून प्रत्येक टोकाचा लहानसा तुकडा आधी चाखावा आणि कडू लागल्यास ती काकडी सरळ बाजूला काढावी. किसण्यापेक्षा काकडी चोचवावी, म्हणजे ती हातात उभी धरून सुरीने जवळजवळ टोचे मारत बारीक तुकडे पाडावेत. अशी काकडी करकरीत राहते आणि चावून खावी लागते, तर किसलेली मऊ पडून घशाखाली उतरते. मीठ ताट वाढताना घालावे, कारण मीठ लागताच पाणी सुटू लागते. तरीही सुटलेले पाणी ओतून न देता थालिपिठाच्या पिठात घालावे. दाण्याचे कूट ही केवळ चवीची गोष्ट नाही : त्यातून प्रथिने मिळतात, आणि गाजराच्या कोशिंबिरीत त्यातील तेलामुळे बीटा कॅरोटीन शोषले जाण्यास मदत होते. वरून हिंग-मोहरीची चमचाभर फोडणी दिली तर कोशिंबीर ‘कच्ची’ राहत नाही, असा आक्षेप कट्टर मंडळी घेतात. माझ्या मते तो खुशाल दुर्लक्षित करावा, कारण फोडणीमुळे जर घरातली मंडळी वाटीभर काकडी आवडीने खात असतील, तर हिशेब फायद्याचाच आहे.

कोबीची पचडी लिंबू, हिरवी मिरची आणि ओले खोबरे घालून, तर मुळ्याची दही घालून करावी. मेथीची कोवळी पाने, चिरलेला कांदा, कूट, तिखट, मीठ आणि कच्चे तेल एकत्र कालवून केलेला घोळाणा भाकरीबरोबर उत्तम लागतो. चैत्रगौरीच्या हळदीकुंकवाला होणारी आंब्याची डाळ हाही न शिजवलेलाच पदार्थ आहे. मात्र भिजवून वाटलेली कच्ची हरभऱ्याची डाळ पचायला जड असल्याने ती अर्ध्या वाटीच्या आतच बरी. फळांत पुरंदरचे अंजीर आणि सीताफळ, पेरू, आवळा, जांभूळ हे त्या त्या मोसमात घ्यावे, आणि शक्यतो रस न काढता चावून खावे.

आता स्वच्छतेचा भाग, ज्यावर सर्वांत जास्त वेळ द्यायला हवा, कारण शिजवण्याने जे जंतू मरतात ते कच्च्या ताटात मरत नाहीत. जानेवारी २०२५ मध्ये पुण्यात सिंहगड रस्त्यावरील नांदेड, किरकटवाडी, धायरी या भागांत गिलेन-बॅरे सिंड्रोमची, म्हणजे प्रतिकारशक्ती स्वतःच्याच नसांवर उलटून हातपाय लुळे पडू शकणाऱ्या आजाराची, साथ आली. संशयित रुग्णांची संख्या दोनशेच्या पुढे गेली, काही रुग्णांच्या नमुन्यांत कॅम्पिलोबॅक्टर जेजुनी हा जिवाणू आणि नोरोव्हायरस सापडला आणि दूषित पाण्याकडे बोट दाखवले गेले. याचा अर्थ कोशिंबीर सोडावी असा नाही, तर ती ज्या पाण्याने धुतली जाते त्या पाण्याचा विचार करावा, असा आहे. टँकरचे किंवा विहिरीचे पाणी येत असेल तर भाज्यांचे शेवटचे धुणे उकळून गार केलेल्या किंवा शुद्ध केलेल्या पिण्याच्या पाण्यानेच करावे.

पालेभाजीची जुडी सोडून पाने सुटी करावीत, मोठ्या पातेल्यात भरपूर पाणी घेऊन त्यात ती हलवावीत, माती तळाशी बसू द्यावी आणि मग पाणी ओतून न देता पाने वरच्यावर उचलून घ्यावीत. नितळ पाणी दिसेपर्यंत हे पुन्हा करावे. मिठाच्या पाण्यात अळ्या आणि किडे वर येतात, पण जंतू मरतात असे समजू नये. कोबीची बाहेरची दोन-तीन पाने टाकून आतली एकेक सुटी करून धुवावीत, कारण मातीतून येणारी फीतकृमीची अंडी पोटात गेल्यास मेंदूपर्यंतचा आजार होऊ शकतो. ज्या घरात मांसाहार होतो तेथे कोशिंबिरीची सुरी आणि पाट वेगळे ठेवावेत. कापलेली भाजी तासन्‌तास उघडी ठेवू नये, आणि रस्त्यावरच्या गाडीवरचा चिरलेला कांदा-कोबी पावसाळ्यात तरी टाळावा. पालेभाजी कच्ची खाण्यासाठीही पावसाळा वाईट काळ. त्या चार महिन्यांत सोलून खाता येणारी काकडी, मुळा, गाजर, केळे, डाळिंब यांवर भर द्यावा.

कडधान्यांना मोड आणल्याने क जीवनसत्त्व वाढते आणि लोहाच्या शोषणात अडथळा आणणारी फायटेट घटतात. वर लिंबू पिळल्यास लोह आणखी चांगले शोषले जाते. तथापि मोड ज्या ऊबदार ओलाव्यात येतात, त्याच ओलाव्यात जंतूही झपाट्याने वाढतात. मटकी किंवा मूग सात-आठ तास भिजवून, पाणी पूर्ण निथळून, स्वच्छ धुतलेल्या सुती फडक्यात सैल बांधावेत. उन्हाळ्यात दहा-बारा तासांत मोड येतात, थंडीत दिवस लागतो. मोड बोटांना चिकट लागले किंवा आंबूस वास आला तर ते टाकून द्यावेत. चांगले मोड फ्रिजमध्ये ठेवून दोन दिवसांत संपवावेत, आणि शक्यतो पाच-सात मिनिटे वाफ देऊनच खावेत. लहान मुले, गरोदर स्त्रिया, वृद्ध आणि प्रतिकारशक्ती कमी असलेल्या व्यक्तींनी पूर्ण कच्चे मोड घेऊच नयेत.

राजमा मात्र मोड आणूनही कच्चा खाऊ नये, कारण त्यातील लेक्टिन हे प्रथिन उलट्या आणि जुलाब घडवते. तो भिजवून, ते पाणी टाकून, खळखळून उकळलाच पाहिजे. अळू घशाला खाजते ते कॅल्शियम ऑक्झलेटच्या सुईसारख्या सूक्ष्म स्फटिकांमुळे, तेव्हा तेही नको. हिरवट किंवा कोंब आलेला बटाटा आणि कडू बदाम वर्ज्यच समजावेत.

पुण्यात टेकड्यांवर आणि बागांबाहेर सकाळी फिरायला येणाऱ्यांसाठी दुधी, कारले, आवळा यांचे रस विकायला असतात. दुधीच्या रसाबाबत विशेष सावध राहावे. २०१० मध्ये दिल्लीत कडू दुधीच्या रसाने मृत्यू झाल्यानंतर भारतीय वैद्यकीय संशोधन परिषदेने तज्ज्ञांची समिती नेमली होती. तिचा सल्ला असा, की रस काढण्यापूर्वी दुधीची फोड चाखावी, कडू लागल्यास तो वापरू नये आणि दुधीचा रस इतर रसांत मिसळू नये. कारल्याच्या रसात मिसळल्यावर दुधीचा कडूपणा ओळखणार तरी कसा? रस घेतल्यानंतर मळमळ, उलटी, पोटात कळा किंवा जुलाब सुरू झाले तर घरगुती उपाय करत न बसता रुग्णालय गाठावे.

ज्यांना मूत्रपिंडाचा विकार आहे त्यांना कच्च्या भाज्या, फळे आणि शहाळे यांतील पोटॅशियम घातक ठरू शकते. मुतखडा होणाऱ्यांनी पालकाचे प्रमाण आवरावे. वॉर्फरिनसारखी रक्त पातळ ठेवणारी औषधे घेणाऱ्यांनी पालेभाज्यांचे प्रमाण अचानक वाढवू नये, आणि मधुमेहाची गोळी किंवा इन्सुलिन घेणाऱ्यांनी जेवण बदलण्यापूर्वी डॉक्टरांशी बोलून घ्यावे, कारण पोळी-भात कमी झाल्यावर तीच मात्रा साखर फार खाली नेऊ शकते. इतरांनी सुरुवातीलाच हिमोग्लोबिन आणि बी-१२ तपासून ठेवावे, वजनाची महिन्याला नोंद करावी, आणि वजन विनाकारण घटू लागले, केस गळू लागले, थकवा जाणवू लागला किंवा पाळी लांबली, तर कोशिंबीर तशीच ठेवून उजवीकडचे वरण, भात आणि पोळी पुन्हा वाढवावी.