मध्यम ग्रे रंगाच्या भिंती: या चुका टाळा

ग्रे रंग लावून झाला की ठरलेली तक्रार येते: "भिंत जांभळी का दिसतेय?" कधी निळी, कधी हिरवट. दुकानातला ग्रे क्वचितच निव्वळ काळा-पांढरा असतो. त्यात निळी, हिरवी, जांभळी किंवा तपकिरी झाक असते. फिक्या ग्रेमध्ये ती खपून जाते, मध्यम छटेत मात्र चारही भिंतींवरून अंगावर येते.

ओळखीतल्या एकांचा हॉल आठवतो. मोबाइलवरच्या फोटोवरून छटा ठरली आणि बोटभर शेडकार्ड बघून डबे आले. दिवसा सगळे खूश. संध्याकाळी दिवे लागले आणि हॉल वांगी रंगाकडे झुकला. आधी पडदे बदलले, मग पेंटरवर खापर फोडलं. त्याचा काही दोष नव्हता. छटेतच जांभळी झाक होती, खाली पिवळसर लाकडी फरशी होती आणि वर ६५०० केल्विनचे, म्हणजे निळसर पांढऱ्या उजेडाचे एलईडी. पिवळ्याच्या शेजारी ग्रेमधला जांभळेपणा डोळ्याला जास्तच जाणवतो. ३००० केल्विनचे, म्हणजे पिवळसर उबदार उजेडाचे आणि सीआरआय (उजेडात रंग किती खरे दिसतात त्याचा आकडा) ९० च्या वर असलेले बल्ब लावल्यावर तो बराच उतरला, गेला मात्र नाही. शेवटी पुन्हा रंग द्यावाच लागला.

म्हणून मी शेडकार्ड आधी कोऱ्या पांढऱ्या कागदावर ठेवते आणि शेजारी आणखी तीन-चार ग्रे मांडते. एकट्या ग्रेकडे कितीही बघितलं तरी झाक कळत नाही.

दुसरी चूक म्हणजे जुन्या रंगावरच हातभर पट्टा मारून निकाल देणं. भोवती जुना पीच किंवा पिवळा असेल तर नमुना खोटाच दिसणार. मोठ्या पुठ्ठ्यावर दोन हात मारा, कडेला पांढरी किनार सोडा, पूर्ण वाळू द्या. ओला इमल्शन बहुधा फिका दिसतो आणि वाळल्यावर गडद होतो. मग पुठ्ठा भिंतीला उभा टेकवा, कोपऱ्यात न्या, फरशीजवळ ठेवा. सकाळी, दुपारी आणि दिवे लावून बघा. "एवढा वेळ कुणाला आहे?" असं विचारणारेच नंतर दुप्पट वेळ घालवतात.

अंधाऱ्या खोलीत मध्यम ग्रे लावून ती उजळेल अशी आशा धरू नका. छटेचा एलआरव्ही, म्हणजे ती किती उजेड परत फेकते तो आकडा, बघा: ० म्हणजे काळा, १०० म्हणजे पांढरा. चाळिशीतला आकडा म्हणजे निम्म्याहून जास्त उजेड भिंतच गिळणार.

"गडद वाटला तर पांढरा मिसळू" हा सल्ला कानाआड करा. पुढच्या डब्याला तेच प्रमाण साधत नाही. तयार फिकी छटा घ्या.

खडबडीत भिंतीला चकचकीत फिनिश नको, पुट्टीचा प्रत्येक उंचवटा दिसतो. मॅट घ्या.

सगळे डबे एका मोठ्या बादलीत एकत्र करा. डब्याडब्यात किंचित फरक असतो आणि तो नेमका भिंतीच्या मधोमध उघडा पडतो. भिंत अर्ध्यावर सोडून चहाला जाऊ नका, जोड दिसतो. उरलेला रंग घट्ट झाकून ठेवा, झाकणावर छटेचा कोड लिहा. पुढे डाग झाकताना ब्रशने ठिपका मारू नका, रोलर घेऊन कोपऱ्यापासून कोपऱ्यापर्यंत ती पूर्ण भिंतच रंगवा.