पुण्यात काय कुठे घ्यावे: पेठांतील खरेदीची वाट

पुण्यात खरेदीला निघताना दुकानाचे नाव शोधण्याआधी त्या वस्तूची आळी कोणती, हे विचारून घ्यावे. शहराच्या जुन्या भागात एकेका मालाची दुकाने एकेका गल्लीत दाटीने वसलेली आहेत. तांब्याची भांडी कसब्यात, पुस्तके अप्पा बळवंत चौकात, विजेचे सामान तपकीर गल्लीत, सुपे-टोपल्या बुरूड आळीत असा हा हिशेब आहे. तोच माल विकणारी दुकाने शेजारीशेजारी असल्याने भावाची तुलना चार पावलांत होते, आणि आपल्याकडे नसलेली वस्तू कुठे मिळेल हे बहुतेक दुकानदार आपणहून सांगतात. पेठांबाहेर वाढलेल्या पुण्यात मॉल पुष्कळ आहेत. परंतु लग्नकार्य, सणवार किंवा नवे घर यांसाठी सामान जमवायचे असेल, तर आजही पेठांत उतरण्याला पर्याय नाही, असे माझे स्पष्ट मत आहे.

पहिला निर्णय वाहनाचा. लक्ष्मी रस्ता, शिवाजी रस्ता आणि बाजीराव रस्ता हे तिन्ही एकेरी आहेत, त्यामुळे एक वळण चुकले की मोठा वळसा पडतो. मंडईजवळ मिनर्व्हा आणि आर्यन हे वाहनतळ आहेत, पण सुट्टीच्या दिवशी तेथे जागा मिळेलच याचा भरवसा धरू नये. सप्टेंबर २०२४ मध्ये जिल्हा न्यायालय ते स्वारगेट हा भुयारी मेट्रोमार्ग सुरू झाल्यापासून हा प्रश्न बराच सुटला आहे. मंडई स्थानकातून बाहेर पडले की तुळशीबाग आणि लक्ष्मी रस्ता पायी गाठता येतात, आणि कसबा पेठ स्थानक तांबट आळीकडे जाण्यास सोयीचे आहे. वनाझ-रामवाडी मार्गावरून येणाऱ्यांनी जिल्हा न्यायालय स्थानकात गाडी बदलावी.

दुसरा निर्णय वेळेचा. दुकाने साडेदहा-अकराच्या सुमारास उघडतात आणि पहिला तास-दीड तास निवांत असतो. विक्रेत्याला माल उलगडून दाखवायला सवड असते ती याच वेळी. लहान दुकाने दुपारी एक ते चार बंद ठेवण्याची जुनी रीत बरीच ओसरली असली, तरी पूर्ण गेलेली नाही. सोमवारी लक्ष्मी रस्ता आणि तुळशीबागेतील अनेक दुकाने बंद असतात, हे परगावाहून येणाऱ्यांनी विशेष ध्यानात ठेवावे. गणेशोत्सवाचे दिवस आणि दिवाळीच्या आधीचा आठवडा या काळात हौसेने फिरायला जावे, पण निवड करून घ्यायची महागडी वस्तू तेव्हा घेऊ नये. राज्यात २०१८ पासून प्लास्टिकच्या पिशव्यांवर बंदी असल्याने दोन-तीन भक्कम कापडी पिशव्या घरूनच न्याव्यात.

खरेदीचा क्रम असा ठेवावा, की जे महाग आहे आणि ज्याला डोके शांत लागते ते आधी, किरकोळ सामान नंतर आणि जड सामान अगदी शेवटी. म्हणून सुरुवात लक्ष्मी रस्त्यापासून. बस्ता बांधायचा असेल तर सोबत तीन-चार माणसांपेक्षा अधिक लवाजमा नेऊ नये. निर्णय करणारी माणसे जितकी जास्त, तितक्या साड्या जास्त उलगडल्या जातात आणि तितकी खरेदी लांबते. मोठ्या दुकानांत भाव ठरलेला असतो, तेथे घासाघीस करण्यात अर्थ नाही. मात्र बस्ता मोठा असल्यास एकूण बिलावर काही सूट मिळेल का, किंवा फॉल-पिको त्यातच करून द्याल का, हे विचारायला संकोच करू नये. गादीवर बसल्याबरोबर आपला अंदाजी खर्च सांगून टाकावा, कारण तो न सांगितल्यास विक्रेता वरच्या किमतीपासून सुरुवात करतो आणि मग खालच्या किमतीचे काहीच डोळ्यांत भरत नाही.

पैठणी घेताना पदर आणि काठ उलटून पाहावेत. हातमागावर विणलेल्या पैठणीत मोर, कुयरी, मुनिया यांची नक्षी प्रत्येक रंगाच्या वेगळ्या धाग्याने गुंफलेली असते, त्यामुळे ती मागच्या बाजूनेही जवळजवळ तशीच स्वच्छ दिसते. यंत्रमागाच्या साडीत मागे धाग्यांचे लोंबते जाळे असते किंवा ते कापून टाकल्याच्या खुणा असतात. यंत्रमागाची साडी वाईट असते असे नाही, फक्त ती हातमागाच्या किमतीला घेऊ नये. ‘सेमी’ हा शब्द ऐकू आला तर त्यात रेशीम किती आणि दुसरे काय, हे सरळ विचारावे, आणि शुद्ध रेशमाचा दावा असेल तर सिल्क मार्कची चिठ्ठी मागावी. खणाचेही तसेच आहे. कर्नाटकातील गुळेदगुड्डचा विणलेला खण आणि कृत्रिम धाग्याच्या कापडावर छापलेली खणाची नक्षी या दोन वेगळ्या वस्तू आहेत. कापड उलटून पाहिले की छपाई लगेच ओळखू येते. नुसते कापड मीटरवर हवे असेल, किंवा मानपानाच्या साड्या, टॉवेल, टोप्या संख्येने लागणार असतील, तर लक्ष्मी रस्त्याऐवजी रविवार पेठेतील कापडगंज गाठावे, खर्चात बरीच बचत होते.

सोन्याची खरेदी लक्ष्मी रस्ता, सोन्या मारुती चौक आणि रविवार पेठेचा परिसर येथे चालते. येथील काही पेढ्या पिढ्यान्‌पिढ्यांच्या आहेत आणि घराण्याचा सराफ ठरलेला असणे ही पुणेरी कुटुंबांची जुनी पद्धत आहे, तरीही विश्वासाच्या जोडीला खूण पाहावीच. १ एप्रिल २०२३ पासून हॉलमार्क केलेल्या दागिन्यावर अक्षरे आणि अंक मिळून सहा चिन्हांचा एचयूआयडी, म्हणजे त्या दागिन्याचा स्वतंत्र ओळख क्रमांक, असणे बंधनकारक आहे. हा क्रमांक ‘बीआयएस केअर’ या मोबाईल ॲपमध्ये टाकला, की दागिन्याची शुद्धता आणि नोंदणी दुकानात उभ्याउभ्या तपासता येते. बावीस कॅरटच्या दागिन्यावर ९१६ हा आकडा असतो. दर सगळीकडे जवळपास सारखाच असल्याने खरा फरक घडणावळीत पडतो. ती टक्क्यांत आहे की ग्रॅमवर, खडे-मोत्यांचे वजन सोन्याच्या वजनातून वजा केले आहे का, आणि दागिना मोडताना किती घट धरली जाईल, हे तीन प्रश्न पैसे देण्यापूर्वी विचारावेत आणि उत्तरे बिलावर लिहून घ्यावीत.

तेथून तुळशीबाग. पेशवाईत नारो अप्पाजी खिरे यांनी उभारलेल्या राममंदिराभोवती हा बाजार वाढला. आज बाहेरच्या गल्ल्यांत केसांच्या पिना, कानातले, पर्स आणि कुर्ते यांचीच गर्दी दिसत असली, तरी तुळशीबागेचे खरे बळ घरगुती वस्तूंत आहे. मोदकपात्र, पुरणयंत्र, चकलीचा सोऱ्या, शेवयांची चाळणी, लाकडी पोळपाट, ताम्हण, समई, देवांची वस्त्रे, गौरींचे मुखवटे, नाकातली खोटी नथ, मोत्यांची तन्मणी, मुलींची पितळी भातुकली या सगळ्यासाठी मंदिराच्या आसपासची जुनी, अरुंद दुकाने आधी पाहावीत. सोऱ्या घेताना आट्या फिरवून पाहाव्यात आणि जाळ्या नीट बसतात का ते तपासावे. समई वजनावर असेल तर तिचे भाग सुटे करून पाहावेत, कारण पोकळ दांडा आणि भरीव दांडा यांच्या किमतीत तफावत असते.

भाव करण्याची जागाही हीच. रस्त्याकडेच्या स्टॉलवर सांगितलेला भाव क्वचितच शेवटचा असतो. दुकानात मात्र पाटी लावलेली असेल तर तिचा मान राखावा. घासाघीस करण्याचा शिरस्ता साधा आहे: घ्यायचे असेल तरच भाव विचारावा, एकदा आपण बोललेला आकडा मान्य झाला तर मागे फिरू नये, आणि तीच वस्तू एकाच स्टॉलवर तीन-चार घेतल्यास दर आपोआप उतरतो. गर्दीत पाकीट आणि मोबाईल पुढच्या बाजूला ठेवावा, एवढी सूचना पुरे.

तुळशीबागेला लागूनच महात्मा फुले मंडई आहे. अष्टकोनी मनोऱ्याची ही दगडी इमारत १८८६ मध्ये सुरू झाली, तेव्हा तिला मुंबईचे गव्हर्नर लॉर्ड रे यांचे नाव होते. भाजी घ्यायची नसली तरी आत एक फेरी मारावी. केळीची पाने, पूजेची पत्री, नारळ आणि एरवी सहज न मिळणाऱ्या रानभाज्या पावसाळ्यात येथे आणि बाहेरच्या फुटपाथवर मिळतात. बुरूड आळीही येथून जवळ असून लग्नातील रुखवताच्या परड्या, सुपे, रोवळ्या तेथे मागणीप्रमाणे विणूनही देतात. त्यासाठी आठवडाभर आधी सांगावे लागते.

रविवार पेठेतील बोहरी आळीचा बाज वेगळा. हा घाऊक व्यवहाराचा भाग आहे. खिळे-बिजागऱ्या, दोर, रंग, प्लास्टिकचे डबे, पॅकिंगचे खोके, कागदी द्रोण-पत्रावळी, सजावटीचे सामान असा सगळा कारखानी आणि कार्यालयी माल येथे मिळतो. एखादी वस्तू एकच हवी असेल तर काही दुकानदार देतात, काही देत नाहीत, आणि नकार थोडक्यात मिळतो. त्याचा राग मानू नये. डझनावर किंवा बंडलावर घेतल्यास येथील भाव उपनगरातील दुकानापेक्षा नक्कीच कमी पडतो. हातगाड्या आणि टेम्पो यांची वर्दळ सतत असल्याने लहान मुलांना या आळीत नेऊ नये.

कसबा पेठेतील तांबट आळी मात्र वेळ काढून पाहावी अशी आहे. पेशव्यांच्या काळी येथे वसलेल्या तांबट कारागिरांच्या हातोड्यांचा आवाज काही घरांतून अजूनही येतो. भांड्याच्या पृष्ठभागावर ओळीने उमटवलेले छोटे चकाकते ठोके म्हणजे मठारकाम. ते नुसते शोभेचे नसून ठोक्यांनी पत्रा घट्ट आणि टणक होतो. हाताचे ठोके जवळून पाहिल्यास एकमेकांपासून किंचित वेगळे असतात, साच्यातील नक्षी मात्र हुबेहूब सारखी असते. बंब, घंगाळ, हंडा, कळशी, पाण्याचा पिंप यांची किंमत बहुधा वजन आणि मजुरी मिळून ठरते, म्हणून दोन्ही आकडे वेगळे विचारावेत. खिशात छोटे लोहचुंबक असेल तर उत्तम, कारण तांब्याला ते चिकटत नाही. आत लोखंडी पत्रा दडवलेला असल्यास तत्काळ कळते. तांब्याच्या भांड्यात स्वयंपाक करायचा असेल तर आतून कल्हई हवीच, आणि ताक, चिंच, लिंबू असे आंबट काही बिनकल्हईच्या भांड्यात ठेवू नये. फक्त पिण्याच्या पाण्याच्या भांड्याला कल्हई लागत नाही.

अप्पा बळवंत चौकात शालेय पुस्तकांपासून स्पर्धा परीक्षांच्या संचांपर्यंत सर्व काही मिळते. यादी लिहून न्यावी, कारण काउंटरवर पुस्तक चाळत उभे राहण्याची सोय थोड्याच दुकानांत आहे. आवृत्तीचे वर्ष तपासावे, छापील किमतीवर सवलत मागावी आणि वापरलेली क्रमिक पुस्तके चालणार असतील तर तसे आधीच सांगावे. जून महिन्यात पालकांची झुंबड असते. शक्य असल्यास मे महिन्यातच हे काम उरकावे.

पेठांबाहेरचे बाजार थोडक्यात. कॅम्पात महात्मा गांधी रस्त्यावर तयार कपडे आणि पादत्राणे चांगली मिळतात, तर फॅशन स्ट्रीटवर भाव केल्याशिवाय काहीच घेऊ नये. ईस्ट स्ट्रीटवरील कयानी बेकरीची श्रुसबेरी बिस्किटे हवी असल्यास सकाळी जावे, दुपारी दुकान विश्रांती घेते. डेक्कनवर महाविद्यालयीन तरुणाईसाठी हाँगकाँग गल्ली आणि फर्ग्युसन रस्ता आहेत. विमाननगर, हडपसर, वाकड येथील मॉलबद्दल वेगळे सांगण्यासारखे काही नाही. तेथे वातानुकूलित दालने आणि वाहनतळ आहेत, आणि माल इतर कोणत्याही मोठ्या शहरातील मॉलसारखाच आहे. डिसेंबरात भरणाऱ्या भीमथडी जत्रेत मात्र बचत गटांच्या महिलांकडून थेट घोंगड्या, मसाले, पापड-कुरडया घेता येतात, तेथे अवश्य जावे.

बुधवारी आणि रविवारी भरणारा जुना बाजार हौशी माणसांचा आहे. जुनी घड्याळे, कुलपे, हत्यारे, नाणी यांत कधी चांगली वस्तू सापडते, पण ‘पेशवेकालीन’ म्हणून दाखवलेल्या प्रत्येक नाण्यावर विश्वास ठेवू नये आणि बिलाशिवाय मोबाईल तर कधीच घेऊ नये, तो चोरीचा निघाल्यास त्रास घेणाऱ्यालाच होतो.

बिलाचा आग्रह इतरत्रही धरावा. ‘विकलेला माल परत घेतला जाणार नाही’ ही पाटी अनेक दुकानांत दिसते. परंतु २०१९ च्या ग्राहक संरक्षण कायद्यानुसार सदोष माल बिलावर लिहिलेल्या मुदतीत, आणि मुदत लिहिलेली नसल्यास तीस दिवसांत, परत घेण्यास नकार देणे ही अनुचित व्यापारी प्रथा ठरते. बिल न देणे हेही त्याच कलमात येते. रंग आवडला नाही किंवा सासूबाईंना पसंत पडली नाही, हा दोष मात्र कायदा मानत नाही, म्हणून साडी बदलून मिळण्याची मुदत दुकानातच ठरवून घ्यावी. बोलणे फिसकटलेच तर राष्ट्रीय ग्राहक हेल्पलाइनच्या १९१५ या क्रमांकावर तक्रार नोंदवता येते. तेव्हा बिल हाताशी लागते.