राष्ट्रीय बास्केटबॉल संघासाठी बारा खेळाडू कसे निवडावेत

निवड समितीच्या बैठकीत सर्वांत आधी पुढे येतो तो गुणांचा तक्ता : कोणत्या खेळाडूने राष्ट्रीय स्पर्धेत सरासरी किती गुण मिळवले. हा तक्ता पहिल्या दिवशी बाजूला ठेवावा, असे माझे स्पष्ट मत आहे. संघात जागा बारा असल्या तरी कोर्टवर एका वेळी पाचच जण असतात आणि त्या पाचांमध्ये चेंडू एकच असतो. त्यामुळे देशातले सर्वोत्तम बारा खेळाडू एकत्र केले की देशाचा सर्वोत्तम संघ तयार होतो, हा समज खरा नाही.

या समजाची किंमत अमेरिकेने मोजली आहे. २००४ च्या अथेन्स ऑलिम्पिकमध्ये टिम डंकन आणि ॲलन आयव्हरसन यांच्यासारखे दिग्गज संघात असूनही पहिल्याच सामन्यात प्युर्तो रिकोने अमेरिकेला ९२–७३ असे हरवले. त्या दिवशी अमेरिकेने तीन गुणांच्या २४ फेकी केल्या आणि त्यांतल्या फक्त ३ बास्केटमध्ये गेल्या. पुढे उपांत्य फेरीत अर्जेंटिनाकडून ८९–८१ अशी हार पत्करून संघाला कांस्यपदकावर समाधान मानावे लागले. या अपयशाचे एक कारण नियमांतच आहे. एनबीए या अमेरिकेतल्या व्यावसायिक लीगमध्ये बचाव करणाऱ्या खेळाडूला, तो कोणाला रोखत नसेल तर, रिंगखालच्या रंगीत पट्ट्यात तीन सेकंदांहून अधिक काळ थांबता येत नाही. ऑलिम्पिकला लागू असलेल्या फिबा या जागतिक संघटनेच्या नियमांत अशी मनाई नाही. त्यामुळे समोरचा संघ आपला उंच खेळाडू तिथेच उभा ठेवून आत घुसणाऱ्याची वाट बंद करू शकतो, आणि ती कोंडी फोडायला लांबून अचूक फेक करणारे हात लागतात. ते हात त्या संघात पुरेसे नव्हते.

२००५ मध्ये अमेरिकेत निवड समितीची पद्धत बंद करून निवडीची जबाबदारी जेरी कोलँजेलो या एकाच प्रशासकाकडे दिली गेली. त्यांनी खेळाडूंकडून तीन वर्षांची बांधिलकी मागितली. २००६ च्या जागतिक स्पर्धेत ग्रीसने पिक अँड रोलची, म्हणजे सहकाऱ्याच्या आडोशाने बचाव चुकवण्याची, एकच चाल पुन्हा पुन्हा खेळून अमेरिकेला १०१–९५ असे हरवले, तरीही आखलेला मार्ग सोडला गेला नाही. २००८ च्या बीजिंग ऑलिम्पिकच्या संघात मायकल रेड लांबच्या फेकीसाठी होता, टेशॉन प्रिन्स त्याच्या लांब हातांच्या बचावासाठी होता, आणि ३५ वर्षांचा जेसन किड स्वतः क्वचितच फेक करून खेळाची लय राखण्यासाठी होता. त्या संघाने ग्रीसला ९२–६९ असे नमवले आणि अंतिम सामन्यात स्पेनवर ११८–१०७ अशी मात केली.

यावरून निवडीचा पहिला टप्पा ठरतो : खेळाडूंची नावे काढण्यापूर्वी आपला संघ कसा खेळणार आहे हे मुख्य प्रशिक्षकाने एका पानावर लिहून द्यावे आणि त्यातून बारा कामांची यादी तयार करावी. चेंडू सुरक्षितपणे पुढे नेणारे किमान तीन जण, लांबून भरवशाची फेक करणारे तिघे, प्रतिस्पर्ध्याच्या मुख्य खेळाडूला चाळीस मिनिटे छळू शकेल असा एक, आणि रिंगखाली उभे राहणारे तीन किंवा चार, असा माझा साधारण हिशेब असतो. एकच खेळाडू दोन कामे करू शकतो, पण एकही काम रिकामे राहता कामा नये. एका जिल्हा संघाच्या निवडीत मी स्वतः ही चूक केली होती. उंचीच्या मोहात पडून रिंगखाली खेळणारे चार सेंटर घेतले आणि चेंडू पुढे नेणारा पॉइंट गार्ड एकच ठेवला. तिसऱ्या क्वार्टरमध्ये त्याचे चार फाउल झाले, पाचव्याला तो बाद झाला असता म्हणून त्याला बाकावर बसवावे लागले, आणि समोरच्या संघाने पूर्ण कोर्टवर प्रेस लावताच, म्हणजे आमच्याच अर्ध्या भागात येऊन दाबून बचाव करताच, आमच्या मुलांना नियमाच्या आठ सेकंदांत चेंडू अर्धरेषेपलीकडे नेता येईना. पंचांची शिट्टी दोनदा वाजली आणि तिथेच सामना हातचा गेला.

पात्रतेची कागदपत्रे मात्र शिबिराआधीच तपासावीत. खेळाडूकडे त्या देशाचे नागरिकत्व हवे. परदेशात वाढलेल्या भारतीय वंशाच्या मुलामुलींच्या पालकांनी हे लक्षात घ्यावे की भारतीय वंशाच्या परदेशी नागरिकांना मिळणारे ओसीआय कार्ड म्हणजे नागरिकत्व नव्हे. शिवाय वयाच्या सोळाव्या वर्षानंतर नागरिकत्व मिळवलेला एकच खेळाडू संघात घेता येतो.

आता चाचणीविषयी, कारण खरी परीक्षा तिथेच असते. उंची अनवाणी मोजावी आणि हात वर करून पोहोच किती आहे हेही नोंदवावे, कारण रिबाउंडला, म्हणजे फेक हुकून परत आलेल्या चेंडूला, डोके नव्हे तर हात पोहोचतो. बाकीचा वेळ पाच विरुद्ध पाच असे खरे सामने खेळवावेत, आणि निवड करणाऱ्याने चेंडू ज्याच्याकडे नाही त्याच्याकडे पाहावे. फेक झाली की बहुतेकांची नजर चेंडूबरोबर वर जाते. अशा वेळी एखादी मुलगी वर न पाहता वळते, प्रतिस्पर्ध्याच्या अंगाला पाठ लावते, गुडघे वाकवते आणि इंच इंच मागे सरकत तिला रिंगपासून दूर ढकलते. चेंडू तिच्या सहकारी खेळाडूच्या हातात पडतो आणि तक्त्यात रिबाउंड त्या दुसरीच्या नावावर लागतो. माझ्या वहीत अशा प्रत्येक बॉक्स आउटसाठी एक रेघ असते, आणि शेवटच्या जागांचा वाद मी त्या रेघांवर सोडवतो.

आणखी एक चाचणी मी आवर्जून घेतो. टाइमआउटमध्ये फळ्यावर नवी चाल एकदाच काढून दाखवायची आणि लगेच खेळवायची. राष्ट्रीय संघाला एकत्र सराव करायला फार थोडे दिवस मिळतात, म्हणून लवकर शिकणारा खेळाडू थोडा कमी उंच असला तरी चालतो. बचावाला तर मी कधीच दुय्यम मानणार नाही. २०१४ मध्ये वुहानला भारताने चीनला ६५–५८ असे हरवले. चीनला त्याच्याच भूमीवर ५८ गुणांवर रोखले म्हणूनच ६५ गुण पुरेसे ठरले.

पहिल्या आठ नावांवर सहसा मतभेद होत नाहीत. नववे ते बारावे नाव ठरवताना मात्र प्रत्येक खेळाडूला एकेकटे बोलावून विचारावे : चार सामने तुला एक मिनिटही मिळाले नाही आणि पाचव्यात शेवटची दोन मिनिटे कोर्टवर उतरवले, तर चालेल का? उत्तर ऐकावे आणि पुढचे दोन दिवस त्याचा सराव पाहावा. उत्तरातला होकार आणि सरावातला जोर यांचा मेळ बसला, तरच ते नाव यादीत घ्यावे.

यादी जाहीर होण्यापूर्वी वगळलेल्या प्रत्येकाला प्रशिक्षकाने समोर बसवून कारण सांगावे. ते त्याला वर्तमानपत्रातून कळणे हा त्याच्या मेहनतीचा अपमान आहे. शिवाय प्रत्येक कामासाठी एक राखीव नाव ठरवून त्याला सराव चालू ठेवायला सांगावे. जुलै २०२४ मध्ये पॅरिस ऑलिम्पिकच्या तोंडावर कवाय लेनर्ड अमेरिकेच्या संघाबाहेर गेला, तेव्हा त्याच्या जागी गुण मिळवणारा दुसरा तारा न आणता डेरिक व्हाइट या चिवट बचाव करणाऱ्या गार्डला बोलावण्यात आले. असा निरोप कोणत्याही सकाळी जाऊ शकतो, म्हणून राखीव खेळाडूंचे पारपत्र, वैद्यकीय तपासणी आणि गणवेशाचे माप बारा जणांबरोबरच पूर्ण करून ठेवावे.