एआय की पर्यावरण? ऑप्शन फॉर्म भरण्याआधी

नाशिकच्या अंबड एमआयडीसीत मी सांडपाणी तपासणाऱ्या प्रयोगशाळेत काम करते. सीईटीचा निकाल लागला की ओळखीतली मुलं आईवडिलांना घेऊन येतात: इंजिनिअरिंगला एआय घेऊ की एन्व्हायर्नमेंटल?

माझं पहिलं सांगणं, शाखेचं नाव बाजूला ठेवा आणि तिसऱ्या-चौथ्या वर्षाचा अभ्यासक्रम उघडा. विद्यापीठाच्या संकेतस्थळावर तो असतो. शेजारी कॉम्प्युटर, सिव्हिल किंवा केमिकलचा ठेवा. दोन-चार विषयांचाच फरक असेल तर खुशाल मूळ शाखा घ्या. सरकारी भरतीत पात्रता बऱ्याचदा शाखेच्या नावानेच छापतात. नव्या नावाची पदवी ‘समकक्ष’ असल्याचं पटवत बसावं लागतं. खास विषय एमटेकला घेता येतो. त्यासाठीच्या गेट परीक्षेत पर्यावरणाचा स्वतंत्र पेपर 2021 पासून आहे, डेटा सायन्स आणि एआयचा 2024 पासून.

मग कॉलेजात जा, आणि थेट प्रयोगशाळा दाखवा म्हणा. पर्यावरण शिकवतात तिथे बीओडीचा, म्हणजे पाण्यातली घाण कुजताना किती ऑक्सिजन खाते ते मोजण्यासाठीचा, इन्क्युबेटर चालू आहे का? आमच्याकडे नमुन्याच्या बाटल्या 27 अंशांवर 3 दिवस ठेवतात, मग किती ऑक्सिजन उरला ते टायट्रेशनने काढतात. स्टार्चचा निळा रंग गेला त्या क्षणी ब्युरेटचा कॉक बंद करायचा. थेंबभर जास्त पडलं तरी आकडा फिरतो. हे स्वतःच्या हाताने केलेली मुलगी मुलाखतीत लगेच कळते. इन्क्युबेटरवर धूळ असेल तर माहितीपुस्तक कितीही चकचकीत असो, पुढचं कॉलेज बघा.

एआयच्या विभागात जुने प्रोजेक्ट मागा आणि विचारा, डेटा कुठला? सगळ्यांनी नेटवरून तयार उतरवलेला, की कुणी पिंपळगावच्या द्राक्षबागेत जाऊन, गंगापूर धरणाच्या विसर्गाच्या नोंदी काढून जमवलेला? दुसरं उत्तर मिळालं तर तिथे शिकवणारी माणसं आहेत. माझ्या मते गोदावरीला अशीच मुलं हवीत, ज्यांना पाणीही कळतं आणि आकडेही. 2027 च्या कुंभाआधी तर फारच.

कॉलेजांना मानांकन देणाऱ्या दोन यंत्रणा आहेत: नॅकचा दर्जा अख्ख्या संस्थेचा असतो, एनबीएचं मानांकन शाखेपुरतं. तुमच्या शाखेला एनबीएचं आहे का, मुदत कधीपर्यंत, तेवढं तपासा.

फॉर्म भरताना एक ध्यानात ठेवा: कॅपच्या, म्हणजे केंद्रीय प्रवेश प्रक्रियेच्या, पहिल्या फेरीत पहिला पर्याय मिळाला की तो आपोआप पक्का होतो, पुढच्या फेऱ्यांत बदलता येत नाही. प्रयोगशाळा न पाहिलेलं कॉलेज पहिल्या क्रमांकावर टाकू नका.