अमेरिकेतली गुलामगिरी आणि मताधिकार: कलमं मुळातून कशी वाचावीत

अमेरिकेतल्या गुलामगिरीचा इतिहास आपल्याकडे बहुतेकदा दोन ओळींत उरकतो. लिंकनने गुलाम सोडवले आणि मार्टिन ल्यूथर किंगने हक्क मिळवून दिले. मधली शंभर वर्षं कुठे गेली ते कुणी विचारत नाही. ती शोधायची असतील तर चरित्रं थोडी बाजूला ठेवा आणि कायद्याचा मजकूर हातात घ्या. स्पर्धा परीक्षेची तयारी असो की वाचन मंडळ, तीन-तीन तासांच्या दोन बैठकींत काम होतं.

सोबत एवढं ठेवा: सर्व दुरुस्त्यांसह अमेरिकेची राज्यघटना, १७९० आणि १८६० च्या जनगणनेचे राज्यवार आकडे, मिसिसिपीच्या १८९० च्या राज्यघटनेतला मताधिकाराचा भाग (कलम २४० पासून पुढे), १८६० च्या सीमा दाखवणारा नकाशा, कॅल्क्युलेटर आणि वही.

आधी दोन खोड्या समजून घ्या

पहिली खोडी छपाईची. भारतीय राज्यघटनेत दुरुस्ती झाली की अनुच्छेदाचा मजकूरच बदलतो. अमेरिकेत जुना मजकूर जसाच्या तसा राहतो आणि दुरुस्ती शेवटी जोडली जाते. त्यामुळे रद्द झालेली कलमंही आज छापलेली दिसतात. वाचताना समासात पेन्सिलीने 'मेलं, दुरुस्ती १३' किंवा 'मेलं, दुरुस्ती १४' असं लिहीत चला. हे केलं नाही तर दुसऱ्या बैठकीत हमखास गोंधळ होतो.

दुसरी खोडी मतदारयादीची. आपल्यासारखा सगळ्या देशाच्या मतदारयाद्या करणारा एक निवडणूक आयोग तिथे नाही. मतदार कोण हे मुळात राज्यं ठरवत आली. म्हणून फक्त केंद्राची राज्यघटना वाचणाऱ्याला अर्धाच झगडा दिसतो. उरलेला अर्धा राज्यांच्या घटनांमध्ये आहे.

पहिली बैठक: न लिहिलेला शब्द

१७८७ च्या मूळ मजकुरात 'गुलाम' हा शब्द शोधा. सापडणार नाही. गुलामगिरी मात्र आहे, आणि तीन ठिकाणी उघड आहे. पहिल्या भागाच्या दुसऱ्या कलमात लोकसंख्या मोजण्याची रीत दिली आहे. त्याच भागाच्या नवव्या कलमानुसार १८०८ पर्यंत माणसांच्या आयातीवर बंदी घालता येणार नव्हती. चौथ्या भागाच्या दुसऱ्या कलमानुसार पळून गेलेला परत द्यायचा होता. तिन्ही ठिकाणी शब्द 'व्यक्ती' असाच आहे. लाज होती म्हणा किंवा हुशारी, पण कलमं चोख काम करत होती.

यातलं पहिलं कलम हिशेब करूनच समजतं. प्रतिनिधीगृहातल्या जागांसाठी राज्याची लोकसंख्या अशी धरायची: सगळे स्वतंत्र लोक, अधिक 'बाकी सगळ्या व्यक्तीं'चे तीन-पंचमांश. आता १७९० चे आकडे घ्या.

व्हर्जिनियाची लोकसंख्या ७,४७,६१०, त्यात गुलाम २,९२,६२७, म्हणजे स्वतंत्र ४,५४,९८३. पेनसिल्व्हेनियाची ४,३४,३७३, त्यात गुलाम ३,७३७, म्हणजे स्वतंत्र ४,३०,६३६. स्वतंत्र माणसं दोन्हीकडे जवळपास सारखीच. आता व्हर्जिनियाच्या गुलामांचे तीन-पंचमांश काढा: १,७५,५७६. बेरीज ६,३०,५५९. त्या वेळी दर ३३,००० मागे एक जागा होती. भागाकार करून वरचा अपूर्णांक सोडला की व्हर्जिनियाला १९ जागा मिळतात आणि पेनसिल्व्हेनियाला १३. प्रत्यक्षातही तेवढ्याच मिळाल्या. गुलाम मोजलेच नसते तर व्हर्जिनियाच्याही १३ च झाल्या असत्या. ज्यांना मत नव्हतं, त्यांच्या डोक्यांवर मालकांनी सहा जागा कमावल्या. राष्ट्राध्यक्ष निवडणाऱ्या मतदारमंडळात राज्याला प्रतिनिधी अधिक दोन सिनेटर एवढी मतं असतात, त्यामुळे तोच फायदा तिथेही पोचला.

हा हिशेब वहीत स्वतःच्या हाताने करा. नुसतं वाचलं की नेहमीची चूक होते: 'काळ्या माणसाला तीन-पंचमांश माणूस मानलं' एवढंच डोक्यात राहतं आणि पूर्ण मोजलं असतं तर बरं झालं असतं, असं वाटू लागतं. गुलाम पूर्ण मोजावेत हा आग्रह मालकांच्या राज्यांचा होता.

मग १८६० च्या जनगणनेचं गुलामांचं वेगळं पत्रक पाहा. मालकाचं नाव आहे, खाली वय, लिंग आणि रंगाचे रकाने आहेत. गुलामाच्या नावाचा रकाना नाही. त्या वर्षी असे ३९,५३,७६० लोक होते, देशाच्या एकूण ३,१४,४३,३२१ मधले.

१८२० ची मिसुरी तडजोड (नव्या प्रदेशांत गुलामगिरी कुठवर चालेल याची), १८५० चा पळालेल्या गुलामांचा कायदा, १८५७ चा ड्रेड स्कॉट निकाल (कृष्णवर्णीय देशाचे नागरिक होऊ शकत नाहीत असं सांगणारा) हे झपाट्याने वाचलं तरी चालेल. १८५० च्या कायद्यातली फीची तरतूद मात्र सोडू नका: पकडलेल्याला मालकाच्या हवाली केलं तर प्रकरण ऐकणाऱ्या आयुक्ताला १० डॉलर, सोडून दिलं तर ५.

बैठकीचा शेवट नकाशावर करा. १ जानेवारी १८६३ ची मुक्तीची घोषणा ओळीने वाचा आणि ती जिथे लागू होती तेवढाच भाग रंगवा. डेलावेअर, मेरीलँड, केंटकी आणि मिसुरी कोरे राहतील, कारण यादवी युद्धात दक्षिणेतली बाकी राज्यं फुटून निघाली तरी ही गुलामगिरीची राज्यं संघातच राहिली होती. टेनेसीही कोरं राहील. लुइझियाना आणि व्हर्जिनियाचेही काही भाग सुटतील. घोषणा बंडखोर मुलखापुरती होती, युद्धकाळातला लष्करी अधिकार वापरून काढलेली. सगळीकडची गुलामगिरी तेराव्या दुरुस्तीने गेली. इथे तारखा घोटाळा करतात: काँग्रेसने, म्हणजे अमेरिकेच्या संसदेने, ती ३१ जानेवारी १८६५ ला संमत केली, पण पुरेशा राज्यांची मंजुरी मिळाली ६ डिसेंबर १८६५ ला. प्रत्येक दुरुस्तीच्या दोन्ही तारखा वहीत लिहा.

दुसरी बैठक: प्रत्येक दुरुस्तीतली फट

तेरा, चौदा आणि पंधरा या दुरुस्त्या वाचताना प्रत्येकीखाली एकच प्रश्न लिहा: यात काय सुटलं?

तेराव्यात 'गुन्ह्याची शिक्षा म्हणून' सक्तीचं काम चालतं. दक्षिणेतल्या राज्यांनी भटकण्यालाच गुन्हा ठरवलं आणि कैदी भाड्याने दिले.

चौदाव्याचं (१८६८) पहिलं कलम सगळे वाचतात, दुसरं कुणी वाचत नाही. पुन्हा कॅल्क्युलेटर घ्या. १८६० मध्ये साउथ कॅरोलिनात ३,०१,३०२ स्वतंत्र आणि ४,०२,४०६ गुलाम होते. जुन्या रीतीने लोकसंख्या धरली जाते ५,४२,७४५. गुलामगिरी गेल्यावर सगळे पूर्ण मोजायचे, म्हणजे ७,०३,७०८. हरलेल्या राज्याचं वजन उलट वाढलं! म्हणून दुसऱ्या कलमात दंड घातला: पुरुषांचं मत जेवढं अडवाल, त्या प्रमाणात जागा कमी होतील. तो दंड कधी वसूल झाला नाही. शिवाय त्या कलमात 'पुरुष' हा शब्द राज्यघटनेत पहिल्यांदाच आला, आणि पंधराव्यातही लिंगाचा उल्लेख आला नाही. त्यावरून १८६९ मध्ये स्त्री-मताधिकाराची चळवळ दुभंगली. स्त्रियांना एकोणिसाव्या दुरुस्तीसाठी १९२० पर्यंत थांबावं लागलं.

पंधरावी (१८७०) सावकाश वाचा. ती मताचा हक्क 'देत' नाही. वंश, रंग किंवा पूर्वीची गुलामी या कारणांवरून मत नाकारू नये, एवढंच म्हणते. आता तिच्याशेजारी मिसिसिपीची १८९० ची कलमं ठेवा. राज्यात दोन वर्षं वास्तव्य, दोन डॉलर पोल टॅक्स (मत द्यायचं तर भरावा लागणारा माणशी कर), त्या राज्याच्या घटनेचं कोणतंही कलम वाचता येणं किंवा वाचून दाखवल्यावर त्याचा 'वाजवी' अर्थ सांगता येणं. मत गमावण्याच्या गुन्ह्यांत चोरी, जाळपोळ, पहिलं लग्न असताना केलेलं दुसरं लग्न आहे, खून नाही. वंशाचं नाव कुठेच नाही. प्रत्येक अटीपुढे लिहा: निर्णय कुणाच्या हातात? 'वाजवी' काय ते नोंदणी करणारा अधिकारी ठरवणार, आणि सगळी मेख तिथेच होती. १८९८ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने हे चालवूनही घेतलं. त्याच वर्षी लुइझियानाने आजोबांचं कलम आणलं: १ जानेवारी १८६७ ला ज्याचा बाप किंवा आजा मतदार होता, त्याला अटी माफ. १८९६ मध्ये तिथे १,३०,३३४ कृष्णवर्णीय मतदार नोंदलेले होते, १९०४ पर्यंत दीड हजारही उरले नाहीत.

मराठी वाचकाने इथे एक तारीख जोडून घ्यावी. जोतीराव फुल्यांनी 'गुलामगिरी' अमेरिकेतल्या सदाचारी लोकांना अर्पण केलं ते १८७३ मध्ये, प्रस्तावनेखाली १ जून आहे. त्याच वर्षी १३ एप्रिलला लुइझियानातल्या कोलफॅक्स गावी, वादग्रस्त निवडणुकीनंतर न्यायालयाच्या इमारतीत जमलेल्या डझनावारी कृष्णवर्णीयांना सशस्त्र गोऱ्यांनी मारलं. १८७६ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने आरोपींची शिक्षा उडवली: चौदावी दुरुस्ती राज्यांना बांधते, खाजगी माणसांना नाही. फुल्यांची अर्पणपत्रिका यामुळे भोळी ठरते असं मानू नका. ती गुलामी संपवणाऱ्यांना होती, आणि तिचा रोख पुण्याकडे होता.

शेवटी १९६५ चा मताधिकार कायदा घ्या, पण कलम ४(ब) आणि ५ एकत्र वाचा. पाचवं म्हणतं, ठरावीक राज्यांनी मतदानाचे नियम बदलण्याआधी केंद्राची परवानगी घ्यावी. कोणती राज्यं, ते ४(ब) मधलं सूत्र सांगतं: नोव्हेंबर १९६४ मध्ये मतदारासाठी लिहिता-वाचता येण्यासारख्या चाचणीची अट होती आणि निम्म्याहून कमी लोकांची नोंदणी किंवा मतदान झालं होतं, ती. मिसिसिपीत कृष्णवर्णीयांची नोंदणी ६.७ टक्क्यांवरून १९६७ पर्यंत ५९.८ टक्क्यांवर गेली. २०१३ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने ४(ब) रद्द केलं. पाचव्याला हात लावला नाही, त्यामुळे ते आजही छापलेलं दिसेल. समासात 'मेलं' लिहू नका, 'सूत्राविना' लिहा.